काहीतरी वाजतंय

लोकांची मतं मी कानांनी ऐकत नाही,
कानांत आधीच दोन-चार इंजिनं चालू असतात.
गुलू गावाच्या ह्या टोकाला, कितगुमचा रस्ता फुटतो तिथे,
माझं गॅरेज. म्हणजे आंब्याला बांधलेली ताडपत्री,
बापाची पान्ह्यांची पेटी
(तो फक्त सायकली करायचा)
आणि जळक्या ऑइलने काळी पडलेली जमीन,
जिच्यावर गवतसुद्धा विचार करून उगवतं.

समोर बोडावाल्यांचा अड्डा.
गिऱ्हाईक नसलं की त्यांचं तेच सुरू.

कोमाकेच म्हणतो, बॉक्सर.
तीन माणसं, कोळशाचं पोतं,
हँडलला उलटी टांगलेली कोंबडी,
आणि चढावर हूं नाही की चूं नाही.
ओजोक म्हणतो, होंडा ती होंडा,
बाकीची भांडी.
त्याच्या होंडाची चेन परवाच
दोन कड्या काढून मी जोडून दिली.
मी काही बोलले नाही.

पोरगा लाकोर बॅटरीची घेऊन आलाय कांपालाहून.
येते-जाते, कळतही नाही.
सगळे हसतात: आवाज नसलेली गाडी म्हणजे
दाण्याचं कूट न घातलेली मालाक्वांगची भाजी!
तो म्हणतो, हसा. पेट्रोल भरताना रडा.
त्यावर थोडा वेळ कुणी हसलं नाही.

म्हातारा ओयेत वादात पडत नाही.
त्याच्याकडे मिशनच्या फादरांची जुनी यामाहा,
टाकीला दोन रंग, सीटला गोणपाट.
हिने मला दोनदा पळवलं, एवढंच म्हणतो.
कशापासून, ते ज्यांचं वय जुळतं त्यांना कळतं.
बाकीचे टायरकडे बघतात.

मला विचारतात अधूनमधून, अकेलो, तू सांग.
माझ्याकडे सायकल आहे, म्हणते मी.

पण सगळ्यांत ठाम बोलायचा तो ओचाया.
कॉम्प्रेशन, शॉकअप, कुठलं ऑइल किती किलोमीटर,
कोणत्या वर्षीची घ्यावी आणि कोणत्या वर्षीची
फुकट दिली तरी परत करावी.
माझी गाडी, माझी गाडी, करत
खड्ड्यांतून अशी न्यायचा
की मागे बसलेल्या बाया देवाशी बोलायच्या.
गाडी लालाम बाईंची. शाळेतल्या.
दर शनिवारी त्यांच्या ओट्यावर पैसे मोजून ठेवायचे,
दोन वर्षं, आजारी असला तरी.

मागच्या शनिवारी मोजणं संपलं.
बाईंनी गाडीचं पुस्तक दिलं, वर चहा दिला.
अड्ड्यावर सोडा फुटला. कोमाकेच नाचला.

सोमवारी, मी ताडपत्री सोडत होते तेव्हाच,
ओचाया गाडी ढकलत आला. चालवत नाही, ढकलत.
काहीतरी वाजतंय, म्हणाला.
मी किक मारली, कान लावला, बोट लावलं,
बोटांना खोटं कळतं.
काही वाजत नव्हतं.
मंगळवारी परत आला. आता मागून वाजतंय.
बुधवारी म्हणाला, रात्री, उभी असताना.

आता डबकं दिसलं की तो वळसा घालतो.
गिऱ्हाईक ओरडतं, उशीर होतोय,
हा आपला खाली वाकून काहीतरी ऐकतोय.
काल अड्ड्यावर नवीन एक पोरगा आलेला,
त्याने सगळ्यांदेखत विचारलं, दादा, कोणती घेऊ?
सगळे ओचायाकडे वळले. सवयीने.
त्याने आरशावरची धूळ अंगठ्याने पुसली,
म्हणाला, बघ बाबा. मला अजून कळली नाहीये.

आज पुन्हा उभा आहे, हेल्मेट पोटाशी धरून.
मी चौदाचा पाना घेतला
आणि घट्टच असलेला एक नट
पाव आटा सैल केला,
पुन्हा घट्ट केला.
बघ आता, म्हटलं.
त्याने किक मारली. डोळे मिटले.
हां, म्हणाला, आता नाही.
पैसे विचारले.
मी घेतले. कमी घेतले, पण घेतले.